एकसष्ट घरटी

कुंदा केळुसकर माझ्या टेबलावर पोलिश कागद ठेवते.
वर गरुडाचा शिक्का, खाली तिचं नाव,
मध्ये नुसतं व्यंजनांचं कुंपण.
काजूच्या कारखान्यावरच्या या खोलीत बसून
मी निम्म्या वेंगुर्ल्याची विवरणपत्रं भरतो:
बर्फ, डिझेल, आमसुलं, जाळी.
ही भाषा जिना चढून पहिल्यांदाच वर आली.

ती घरटी करते.
मोचेमाडच्या खाडीत कुजवलेली सोडणं
बडवून, पिंजून, वळून
मुठीएवढं तोंड ठेवलेली काथ्याची घरटी,
कुणाच्या तरी बागेतल्या, आपण न पाहिलेल्या पाखरांसाठी.
चारशे पाठवली जर्मनीतल्या एका गुदामात,
आयातीचा कर भरला,
पावती देवाच्या फोटोमागे ठेवली,
आणि तिला वाटलं, झालं.

पण गुदामाला झोप नसते.
एका रात्री कंपनीच्या यंत्राला वाटलं
पूर्वेकडे गिऱ्हाईक जास्त आहे.
दीडशे घरटी पोलंडात गेली,
एकसष्ट गेली चेकांच्या ब्रनोत.
तिला कुणी विचारलं नाही,
म्हणजे विचारलं होतं, वर्षापूर्वी,
एका चौकोनात, बारीक अक्षरांत,
आणि तिनं चुलीवरची भाकरी उलटता उलटता
डाव्या हाताच्या बोटानं हो म्हटलं होतं.

"थंय एकय इकला नाय, मगे ह्यो कर कसलो?"

मी सांगतो, मला काल रात्री समजलं तेवढं:
माल जिथं टेकला तिथं तुझा पाय टेकला.
जर्मनीतून निघाला ही एक नोंद,
पोलंडात पोचला ही दुसरी.
पाठवणारी तू, घेणारीही तूच,
मधे सीमा आहे म्हणून कागद.
विकलं गेलं तर गिऱ्हाइकाकडून कर कंपनीच कापते;
तुझ्या वाट्याला बहुतेक शून्यच यायचं.
पण ते शून्य लिहायला तिथला नंबर लागतो,
नंबराला तुझ्या वतीनं उभा राहणारा तिथला माणूस लागतो,
आणि त्या माणसाची फी शून्य नाही.

"काय नाय, ता पण सांगूक व्हया?"
"व्हया. त्या त्या देशाक, त्या त्या तारखेक."

ती खिडकीबाहेर बघते.
इथून कॅम्पातली डच वखार दिसत नाही,
पण आम्हा दोघांना तीच आठवते.
शाळेत असताना तिच्या भिंतीवर आम्ही नावं कोरली होती.
ते लोक आमच्या किनाऱ्यावर माल ठेवून गेले,
दालचिनी की कापड, कोण जाणे,
जकात कुणाच्या हातावर ठेवली,
की नाहीच ठेवली.
आता तिथं उंबर उगवलाय आणि नोंदवही कुणाकडे नाही.

मी आकडे मांडतो.
पोलंडची नोंदणी करू, मागच्या महिन्यांसकट,
दंड किती ते अजून त्यांनाच ठाऊक.
यंत्राला सांगू, यापुढे माल हलवू नकोस.
ब्रनोची एकसष्ट
परत आणायची तर प्रत्येकी दोनशे नव्वद,
तिथंच नष्ट करायची तर प्रत्येकी बावीस.
राहिले त्या महिन्यांचा हिशोब चेकांना द्यावाच लागेल,
पण पुढचा तरी वाचेल.
कंपनीच्या पानावर दोन बटणं आहेत, सारख्याच मापाची.

कुंदा बाविसाला एकसष्टनं गुणते,
ओठ हलवत, बोटांच्या पेरांवर,
काथ्यानं कातरलेल्या पेरांवर.
तेराशे बेचाळीस.
बरोबर आहे.
मी माउस तिच्याकडे सरकवतो.
खाली काजू फोडणाऱ्या बायकांचा टक टक आवाज.
मग ती विचारते,
"त्या गुदामात एखादी चिमणी घुसली आसात तर?"

मी हसत नाही.
चेकांच्या कायद्यावरची दोन पानं पुन्हा उलटतो,
खरंच उलटतो,
आणि तिला म्हणतो, उद्या ये.